खुणा सारख्या आहेत, तरी चाक वाकडं कसं?

पावसाळा संपला की आपल्या या पानावर दुचाकीच्या चेनचे प्रश्न यायला लागतात, दरवर्षीचंच आहे. चिखल, पाणी, मग गंज, मग आवाज. पण यंदा बऱ्याच जणांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारलीय, की चेन टाईट केल्यावर मागचं चाक सरळ बसलंय की नाही हे घरी कसं कळणार. म्हणून या वेळी बहुतेक जागा त्यालाच दिलीय.

प्रश्न : नमस्कार दादा, माझ्याकडे स्प्लेंडर आहे, रोज सकाळी दुधाचे दोन कॅन लावून डेअरीला जातो, येऊन-जाऊन बावीस किलोमीटर. तीन महिन्यांपूर्वी नवीन चेन किट टाकलं, दोन्ही स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) आणि चेन सगळं एकदम, तरी परत कर्र कर्र आवाज सुरू झालाय. कव्हर काढून बघितलं तर मागच्या स्प्रॉकेटचे दात एकाच बाजूने घासून चकाचक झालेत. गॅरेजवाला म्हणतो दोन्हीकडच्या खुणा सारख्या आहेत, चाक सरळच आहे, लोड एका बाजूला जास्त असेल. खरंच लोडमुळे असं होतं का? (सांगोला)

उत्तर : दादा, तुम्ही कव्हर काढून दात बघितलेत हेच निम्मं काम झालं, बरेच जण तिथपर्यंत जातच नाहीत. दाताची एकच बाजू चमकतेय म्हणजे चेनची आतली पट्टी त्या बाजूला सतत घासतेय, म्हणजे पुढचं स्प्रॉकेट आणि मागचं स्प्रॉकेट एका रेषेत नाहीत. नवीन किट तीन महिन्यांत असं दिसायलाच नको. आणि कॅन एका बाजूला जड झाला म्हणून घट्ट आवळलेलं एक्सल, म्हणजे चाकाचा आस, सरकत नाही, ते आवळतानाच वाकडं राहिलेलं असतं. कॅन सारखे भरा, ते गाडीच्या तोलासाठी चांगलंच, पण हा आवाज त्याने जाणार नाही.

आता खुणांचं बघू. चिमट्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या दोन्ही टोकांना ज्या रेघा असतात त्या कारखान्यात ठोकलेल्या असतात आणि त्या दोन्ही बाजूंना तंतोतंत सारख्या असतीलच असं नाही. शिवाय रेघच एवढी जाड की अर्धा-एक मिमी इकडे-तिकडे झालं तर डोळ्याला कळतसुद्धा नाही, त्यात गाडी कधी पडलेली असेल, ठोकलेली असेल तर विषयच संपला. खुणा कामाच्या नाहीत असं मी म्हणत नाही, सुरुवात तिथूनच करायची, पण चाक सरळ आहे हे खुणा बघून ठरवायचं नाही, मोजून ठरवायचं.

मोजायचं कसं ते सांगतो. चिमटा ज्या बोल्टवर वरखाली हलतो त्याचा मध्य आणि मागच्या एक्सलचा मध्य, हे अंतर डावीकडे आणि उजवीकडे सारखं पाहिजे. टेप लावायला गेलात तर उजवीकडे सायलेन्सर आडवा येतो, फूटरेस्ट आडवा येतो, टेप वाकते आणि आकडा चुकतो. मी जुन्या काळ्या छत्रीची एक लांब काडी काढून ठेवलीय. तिचं एक टोक चिमट्याच्या बोल्टच्या मध्यावर टेकवायचं, काडीवर एक रबरबँड गुंडाळलेला असतो तो सरकवत एक्सलच्या मध्यापर्यंत आणायचा, मग काडी तशीच उचलून दुसऱ्या बाजूला लावायची. रबरबँड बरोबर मध्यावर आला तर ठीक, नाही आला तर किती फरक आहे ते समोरच दिसतं, आकडा वाचायची गरजच नाही. माझ्या स्वतःच्या गाडीवर पहिल्यांदा लावली तेव्हा रबरबँड एक्सलच्या मध्याच्या जवळजवळ दोन मिमी पुढे थांबला होता, आणि खुणा मात्र दोन्हीकडे तिसऱ्याच रेघेवर! दोन वर्षं मी तशीच चालवत होतो आणि चेनला दोष देत होतो.

दोन मिमी म्हणजे काय एवढं, असं वाटेल. पण हिशोब बघा. चिमट्याच्या दोन टोकांमधलं अंतर साधारण वीस सेंटीमीटर धरा आणि दोन चाकांमधलं अंतर सव्वा मीटर, म्हणजे सहापट. मागे दोन मिमीने एक्सल तिरकं झालं तर मागच्या चाकाची दिशा पुढच्या चाकापाशी पोचेपर्यंत बारा मिमीने हुकलेली असते. म्हणूनच दोरीची पद्धत मला सगळ्यात जास्त आवडते, कारण मागे जी चूक डोळ्याला दिसत नाही ती पुढे सहापट मोठी होऊन दिसते.

दोरी बारीक घ्या, गवंडी ओळंब्याला वापरतात तसली नायलॉनची चांगली, सुतळी नको कारण तिला पीळ असतो. गाडी डबल स्टँडवर, सपाट फरशीवर. दोरी मागच्या टायरच्या मागून गुंडाळून दोन्ही बाजूंनी पुढे आणायची, जमिनीपासून वीतभराच्या आत, स्टँडच्या दोन पायांच्या मधून आणि आडव्या दांडीच्या खालून, आणि पुढच्या चाकाच्या पुढे हातभर अंतरावर दोन विटा ठेवून त्यांना एकेक टोक बांधायचं. काही गाड्यांत स्टँड अशा ठिकाणी असतो की दोरी त्याला टेकतेच, मग दोरी थोडी वर-खाली करून बघा, कुठेही टेकलेली दोरी खोटंच सांगते. आता वीट हळूहळू आत सरकवत न्यायची, दोरी मागच्या टायरच्या मागच्या कडेला टेकलेली आहेच, ती पुढच्या कडेला नुसती लागली न लागली अशी झाली की थांबायचं. जास्त आत नेलीत तर टायरवर दोरी वाकते आणि सगळं माप जातं. दोन्ही बाजूंना असं झालं की हँडल सरळ करून पुढच्या टायरजवळ बसा आणि फट बघा.

स्प्लेंडरला पुढे-मागे टायर एकाच मापाचे असतात, म्हणजे दोरी पुढच्या टायरलाही दोन्ही बाजूंनी जेमतेम लागायला पाहिजे. ज्यांच्या गाडीचा मागचा टायर रुंद आहे, समजा पुढे ऐंशी आणि मागे शंभर, त्यांना दोन्हीकडे साधारण दहा-दहा मिमी फट दिसेल. दहाच पाहिजे असा हट्ट नको, टायर कंपनीप्रमाणे थोडा जाड-बारीक असतो, फक्त डावी-उजवी सारखी पाहिजे.

आणि फट सारखी नसेल तर हे लक्षात ठेवा, ज्या बाजूला फट जास्त त्या बाजूचं एक्सल मागे गेलेलं आहे. समजा डावीकडे चौदा आणि उजवीकडे सहा आली. म्हणजे चाक डावीकडे बघतंय. उजवा अ‍ॅडजस्टर (एक्सल मागे-पुढे करणारा नट-बोल्ट) थोडा आवळायचा किंवा डावा थोडा सोडायचा, चेन ढिली असेल तर पहिलं, टाईट असेल तर दुसरं. किती? चौदा-सहाचा फरक काढायला अर्ध्या फेऱ्याच्या आसपास पुरतो, कारण अ‍ॅडजस्टरच्या नटचा एक पूर्ण फेरा म्हणजे साधारण एक ते सव्वा मिमी. म्हणून पाना एकदम गरागरा फिरवू नका, नटची एकेक बाजू मोजत जा.

स्प्लेंडरवाल्यांनी अजून एक बघायचं आणि मला वाटतं तुमची भानगड इथेच असेल. मागच्या एक्सलला बाहेर जो नट दिसतो तो ढिला करून बरेच जण अ‍ॅडजस्टर फिरवायला लागतात, पण चेनच्या बाजूला आतमध्ये एक मोठा स्लीव्ह नट असतो, स्प्रॉकेटची बाजू त्याने वेगळी आवळलेली असते. तो ढिला केलाच नाही तर एक बाजू सरकते आणि दुसरी जागेवर अडकून बसते. अ‍ॅडजस्टर दोन्हीकडे सारखा फिरलेला असतो, खुणापण सारख्या वाटतात, आणि चाक तिरकं! घाईत काम करणाऱ्याकडून हे हमखास राहतं. दोन्ही नट ढिले करायचे, मग अ‍ॅडजस्टर, आणि नंतर दोन्ही नट आवळायचे.

चेनचा ढिलेपणा बघताना चाक हाताने दोन-तीन फेरे फिरवून बघा, चेन सगळीकडे सारखी ढिली नसते, एका जागी ताणली जाते. जिथे सगळ्यात टाईट आहे तिथे थांबून खालच्या चेनच्या मध्यावर बोटाने वर-खाली करायचं. अशा गाड्यांना साधारण दोन ते तीन सेंटीमीटर खेळ लागतो, नेमका आकडा तुमच्या गाडीच्या माहितीपुस्तकात असतो, तोच धरा. टाईट चेन म्हणजे चांगली चेन असा एक समज आपल्याकडे पक्का आहे, आणि कॅन लावून खड्ड्यातून जाणाऱ्या माणसाला तो फार महाग पडतो, कारण मागचं शॉकअप दबलं की चेन अजून ताणली जाते आणि तो सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. चेन किट स्वस्त असतं, इंजिन खोलणं नाही.

शेवटी आवळताना सगळ्यात जास्त घोळ होतो. इतकं मोजून-मापून बसवलेलं चाक नट आवळताना सरकतं. त्यासाठी एक जुना फडका घट्ट गुंडाळून चेन आणि मागचं स्प्रॉकेट यांच्या मध्ये, वरच्या बाजूला ठेवायचा आणि चाक मागे फिरवायचं, फडका दातांत अडकतो, चेन ताणली जाते आणि एक्सल पुढे ओढलं जाऊन दोन्ही अ‍ॅडजस्टरना घट्ट टेकतं. चाक तसंच धरून नट आवळायचे. मग फडका काढून परत एकदा दोरी, परत एकदा चेनचा खेळ. आवळल्यावर परत न बघता उठलात तर आधीचा सगळा वेळ फुकट गेला समजा. चाक मागे-पुढे झाल्यावर मागच्या ब्रेकचा रॉडपण बदलतो, तो लावून घ्या, पॅडल दाबल्यावर लाईट लागतोय का बघा, आणि स्प्लिट पिन असेल तर नवीन घाला, जुनी वाकवून परत वापरू नका.

एवढं करूनही दात एकाच बाजूने घासत राहिले तर डबल स्टँडवर मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा. टकटक लागलं तर चिमट्याचे बुश किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय, तिथे दोरी काही करू शकत नाही. आणि एक वाईट बातमी, दात ज्या बाजूने खाल्ले गेलेत ते भरून येणार नाहीत, थोडा आवाज राहील. खूप खाल्ले असतील तर किट परत बदलावं लागेल, पण चाक सरळ करूनच बदला.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला आहे, पल्सर वापरतो. ऑनलाईन चेन अलाइनमेंटचं लेझर मिळतं ते घ्यावं का? आणि चेन साफ करताना मी गाडी डबल स्टँडवर लावून पहिल्या गिअरमध्ये चालू ठेवतो आणि फडका धरतो, मित्र म्हणतो असं करू नको, पण चेन पटकन साफ होते. (कराड)

उत्तर : आधी दुसऱ्या प्रश्नाचं. तुझा मित्र बरोबर आहे, आजपासून बंद कर. इंजिन चालू, गाडी गिअरमध्ये आणि हातात फडका, हे तिन्ही एकत्र कधीच नको. फडक्याचा एक धागा चेनमध्ये अडकला की तो हात सोडायला वेळ देत नाही, फडक्याबरोबर बोट स्प्रॉकेटवर जातं आणि तिथे दात आणि चेन यांच्या मध्ये जागाच नसते. माझ्या ओळखीतल्या एका मुलाची दोन बोटं पेरापासून गेलीत, अशीच, रविवारी सकाळी, घराच्या अंगणात. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि चाक हाताने फिरवायचं. वर मी फडका घालून चाक मागे फिरवायचं लिहिलंय तेसुद्धा फक्त असंच आणि बोटं चाकाच्या टायरवर, चेनजवळ नाही. दहा मिनिटं जास्त लागतील, लागू देत.

लेझरचं म्हणशील तर वाईट नाही, मागच्या स्प्रॉकेटला लावायचं आणि लाल ठिपका चेनवरून पुढे सरळ जातोय का बघायचं. पण ते फक्त चेन बघतं, चाकं एका रेषेत आहेत की नाही ते सांगत नाही, आणि स्प्रॉकेटवर नीट सपाट बसलं नाही, मधे वाळलेलं ग्रीस राहिलं तरी ठिपका हुकतो. विकत घ्यायच्या आधी एक कर, गाडीच्या मागे जमिनीवर बस, एक डोळा मिटून वरच्या चेनच्या रेषेत मागून पुढे बघ. चेन स्प्रॉकेटवरून निघते तिथेच थोडी वळून पुढे गेल्यासारखी दिसली तर वाकडी आहे. थोड्या सवयीने डोळा तयार होतो.

प्रश्न : नमस्कार. माझी वडिलांची जुनी बुलेट आहे, स्पोकची चाकं. खड्ड्यात रिम वाकली म्हणून मागे नवीन रिम टाकून स्पोक बांधून घेतले. त्यानंतर चेन सरळ केली की दोरी एका बाजूला जास्त फट दाखवते आणि दोरी सरळ केली की चेन घासते. दोन्हीकडचे गोगलगायीसारखे अ‍ॅडजस्टर एकाच खाचेवर आहेत. नेमकं कशावर विश्वास ठेवू? (नाशिक)

उत्तर : ताई, तुम्ही प्रश्नातच उत्तर लिहिलंय. रिम बदलल्यानंतर सुरू झालं ना, मग दोष तिथेच शोधायचा. स्पोक बांधताना रिम नुसती गोल आणि न डगमगणारी करून भागत नाही, हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, तुलनेत ती डावी-उजवीकडे किती बसली हेही बघावं लागतं. एका बाजूचे स्पोक जास्त ताणले की अख्खी रिम त्या बाजूला सरकते. चाक फिरवलं तर छान गोल फिरतं, अजिबात हलत नाही, म्हणून कोणाला शंकाच येत नाही, पण टायर गाडीच्या मध्यरेषेवर नसतो.

आता ओळखायचं कसं. आधी फक्त चेन बघा, दोरी विसरा. अ‍ॅडजस्टरने स्प्रॉकेट एका रेषेत आणा, चिमट्याच्या बोल्टपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं आहे ना ते काडीने बघा. हे दोन्ही जुळलं की एक्सल सरळ आहे. मग दोरी लावा. तरीही फट एकीकडे जास्त आली तर चाक तिरकं नाही, ते एका बाजूला सरकलेलं आहे, आणि ते अ‍ॅडजस्टर फिरवून कधीच सुधारणार नाही, उलट तुम्ही दोरी जुळवायला गेलात की चेन वाकडी होते, जे तुमच्या बाबतीत होतंय. अजून खात्री करायची तर चिमट्याच्या आतल्या बाजूपासून रिमच्या कडेपर्यंतचं अंतर डावीकडे-उजवीकडे मोजून जवळ ठेवा, आणि तसलीच दुसरी बुलेट ओळखीत असेल तर तिच्यावर तेच माप घ्या.

ज्याने स्पोक बांधले त्याच्याकडे चाक परत घेऊन जा आणि नुसतं 'नीट करा' म्हणू नका, किती मिमी कुठल्या बाजूला सरकवायचंय ते लिहून न्या. चांगला कारागीर असेल तर एका बाजूचे स्पोक ढिले आणि दुसऱ्या बाजूचे तेवढेच टाईट करत पाव-पाव फेऱ्याने रिम आणतो. न्यायच्या आधी चाकाच्या एक्सलवरचे स्पेसर (अंतर राखणाऱ्या नळ्या) बरोबर बाजूला आहेत का तेही बघा, चाक काढून लावताना स्पेसर उलटसुलट झाला तरी हेच दुखणं दिसतं आणि ते पाच मिनिटांचं काम आहे.

तोपर्यंत गाडी चालवायची असेल तर चेन सरळ ठेवा. थोडं सरकलेलं चाक गाडी एका बाजूला ओढल्यासारखं वाटेल, ते हळू चालवून सांभाळता येतं, पण वाकडी चेन तुटली आणि चाकात अडकली तर काही सांभाळता येत नाही. वडिलांची गाडी आहे, नीट करून घ्याच.

प्रश्न : गाडी घसरून पडली, बाकी काही झालं नाही पण सरळ चालवताना हँडल तिरकं धरावं लागतं. मागचं चाक दोरीने बघितलं, सरळ आहे. पुढचं चाक वाकलं का? (चिपळूण)

उत्तर : बहुतेक वेळा काहीच वाकलेलं नसतं, पुढच्या शॉकअपचे दोन पाईप वरच्या-खालच्या टीमध्ये (पाईप धरून ठेवणाऱ्या आडव्या पट्ट्या) एकमेकांच्या तुलनेत थोडे पिळले जातात. खालच्या टीचे बोल्ट आणि पुढच्या एक्सलचा नट थोडे ढिले करा, पूर्ण काढू नका, समोर उभं राहून चाक दोन गुडघ्यांमध्ये घट्ट धरा आणि हँडल सरळ होईपर्यंत वळवा. मग ब्रेक धरून पुढचा भाग दोन-चारदा दाबा म्हणजे पाईप आपापल्या जागी बसतात, आणि आधी एक्सल, मग टी असं आवळा. हे करताना कोणीतरी गाडी मागून धरलेली पाहिजे. त्यानंतरही हँडल तिरकं राहिलं, किंवा पाईपवरून बोट फिरवताना कुठे फुगवटा लागला, किंवा वळताना हँडल मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर पाईप किंवा टी वाकलीय. ती घरी ठोकून सरळ करू नका, घाटातून रोज येत-जात असाल तर अजिबातच नको, मोजणाऱ्या माणसाकडे न्या.